ओढलं की सुटलं

प्रस्तावना

हे पुस्तक वाचायला बसण्याआधी घरात एक दोरी शोधा. साधारण दोन मीटर लांब, बारीक आणि गुळगुळीत. परकराची नाडी सगळ्यांत उत्तम. सुतळी नको, ती बोटं सोलते. नायलॉनची दोरी फार निसटते, आणि शिवणाचा दोरा दिसायला नाजूक असला तरी त्याचा एकदा गुंता झाला की ती संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. दोरीची दोन टोकं जुळवून घट्ट निरगाठ मारा, उरलेल्या शेपट्या कापून टाका. या पुस्तकातली ही पहिली निरगाठ, आणि शेवटचीही.

गाठींच्या बाबतीत आपली भाषा चोखंदळ आहे. ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढली की आवळते ती निरगाठ. गोठ्यात दावं बांधणाऱ्यापासून शाळेत बुटाची नाडी बांधायला शिकणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना हा फरक हातानं कळतो, तोंडानं सांगता येवो न येवो. दोऱ्याच्या खेळांचं सगळं शास्त्र या फरकावर उभं आहे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की झालं, बसली निरगाठ, आता कात्री आणा. आणि खेळणाऱ्याच्या एका ओढीत ते सगळं विरघळून दोरा पुन्हा नुसता दोरा झाला पाहिजे.

एक करून पाहा, म्हणजे पुढचं वाचायला मजा येईल. डावा पंजा छातीसमोर धरा: अंगठा वर, बोटं उजवीकडे, तळवा आपल्याकडे. दोऱ्याचा फेर अंगठ्यावर लटकवा. एक पदर तळव्याच्या बाजूनं खाली येईल, दुसरा पंजाच्या पाठीमागून. आता उजवी तर्जनी तळव्याकडच्या पदराच्या खालून, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातून पलीकडे घाला. मागचा पदर आकडीसारखा पकडून अलीकडे ओढा, आलेल्या वेढ्याला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एक पीळ द्या आणि तो डाव्या तर्जनीत चढवा. खाली लोंबणारे दोन्ही पदर ओढून वेढा बसवून घ्या. मग हेच मध्यमेला, अनामिकेला, करंगळीला. आता पंजा पार जखडलेला दिसेल. समोरच्याला खात्री करून घेऊ द्या. मग अंगठ्यावरचा वेढा तेवढा काढून टाका आणि तळव्याकडचा पदर ओढा.

हा उंदीर. चारही बोटांमधून सुर्रकन पळतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या मरी बेटावर त्याला उंदीरच म्हणत. अंगठ्यावरून काढलेला वेढा म्हणजे त्याचे कान. हीच युक्ती उत्तर अमेरिकेच्या मैदानातल्या ओमाहा लोकांना ठाऊक होती, अलास्कातल्या एस्किमोंना होती, फिलिपिन्समध्ये होती, जपानात होती. ती कुणी कुणाला शिकवली, की जिथे बोटं आणि दोरा एकत्र आले तिथे ती आपोआप सापडली, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला दुसरी शक्यता जास्त पटते. उंदीर सोपा आहे, आणि रिकामटेकडेपणा जगात सगळीकडे आहे.

या विषयाची गंमत ज्यांनी लवकर लिहून ठेवली त्यांतले एक आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनबरोबर ज्यांचं नाव घेतलं जातं तेच वॉलेस. ते बोर्निओत डायाक लोकांच्या एका घरात मुक्कामाला होते. दिवस पावसाचा, भोवती पोरं आणि तरुण मंडळी जमलेली. त्यांना काहीतरी नवं दाखवून रिझवावं म्हणून साहेबांनी दोरा घेतला आणि इंग्रज मुलं खेळतात तो पाळण्याचा खेळ सुरू केला. पोरांना तो येत होताच. साहेबांच्या दोन-चार आकृत्या संपल्यावर एका पोरानं तो दोरा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांना न येणाऱ्या आकृत्या करून दाखवल्या. 1869 साली आलेल्या ‘द मलाय आर्किपेलॅगो’ या ग्रंथात वॉलेसनी हे प्रांजळपणे लिहिलं आहे. शिकवायला गेले आणि शिकून आले, अशी कबुली त्या काळातल्या प्रवासवर्णनांत फार वेळा सापडत नाही.

त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, 1888 मध्ये, फ्रान्झ बोआस यांनी एस्किमोंच्या दोऱ्याच्या आकृत्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आणि 1898 मध्ये केंब्रिजहून ए. सी. हॅडन यांची तुकडी टॉरेस सामुद्रधुनीत गेली. या मोहिमेत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होते, पुढे निलगिरीतल्या तोडा लोकांवर पुस्तक लिहिलं ते हेच. हॅडन मुळात प्राणिशास्त्रज्ञ. प्रवाळ पाहायला त्या भागात पहिल्यांदा गेले आणि माणसांत रमले. बेटावरच्या लोकांच्या हातातल्या आकृत्या त्यांना टिपून घ्यायच्या होत्या, पण टिपायच्या कशा? तयार आकृतीचं चित्र काढलं तर ते निरुपयोगी. आंब्याच्या चित्रावरून आंब्याचं लोणचं घालता येत नाही. लागते ती कृती, आणि कृती तर हातांच्या हालचालीत असते, तीसुद्धा अशा वेगानं की बघणाऱ्याचा डोळा मागे पडतो.

हॅडन आणि रिव्हर्स यांनी बसून भाषा बनवली. 1902 मध्ये ती ‘मॅन’ या नियतकालिकात छापून आली. शरीरशास्त्रातले शब्द त्यांनी उसने घेतले: अंगठ्याच्या बाजूचा पदर, करंगळीच्या बाजूचा पदर, तळव्यावरचा, पाठीवरचा, बोटाच्या टोकाकडचा, बुडाकडचा. इतक्या नेमकेपणानं सांगितलं की कृती न पाहिलेला माणूसही ती करू शकतो. स्वयंपाकाची वही आणि संगीताची स्वरलिपी यांच्या मधली ही काहीतरी चीज आहे. त्यांनी एका सुरुवातीला ‘ओपनिंग ए’ असं नाव दिलं: दोरा दोन्ही अंगठ्यांच्या आणि करंगळ्यांच्या मागून घ्यायचा, मग एका तर्जनीनं समोरच्या तळव्यावरचा पदर उचलायचा, नंतर दुसरीनं. जगभरच्या शेकडो आकृत्या याच सुरुवातीतून निघतात. या पुस्तकात तिला मी ‘पहिली मांड’ म्हटलं आहे.

मराठीत लिहिताना माझी खरी पंचाईत इथेच झाली. बोटांच्या बाबतीत आपण श्रीमंत. पाचही बोटांना नावं आहेत, आणि त्यातल्या एकीचं नाव ‘हिला नाव नाही’ असं आहे. (चिनी, रशियन आणि फिनिश भाषांतही हे बोट बिननावाचंच आहे. जगातल्या इतक्या लोकांना या एकाच बोटाला नाव द्यायचं कसं सुचलं नाही, हा स्वतंत्र निबंधाचा विषय.) अडलं ते दोऱ्यापाशी. बोटाभोवती जो वळसा पडतो त्याला काय म्हणायचं? ‘फास’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. पण मुलांच्या पुस्तकात पानोपानी ‘आता फास करंगळीला लावा’ असं लिहायला हात धजेना. मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला कारण सांगायला नको. ‘फेरा’ लिहून पाहिलं, तो सगळ्या दोऱ्यालाही लागू पडतो. शेवटी ‘वेढा’ आणि ‘पदर’ या दोन शब्दांवर मी स्थिरावलो. माझ्या हस्तलिखितावरून खेळून पाहणाऱ्या एका आठवीतल्या मुलानं मला विचारलं होतं, “पदर तर साडीला असतो ना?” त्याला दोरीचे पदर, पोळीचे पदर असं बरंच समजावलं. त्याला पटलं असं नाही, पण आकृती त्यानं बरोबर केली.

हॅडन-रिव्हर्सची भाषा हाती आल्यावर संग्राहकांचं पीक आलं. त्यात माझं माणूस म्हणजे फिलाडेल्फियाच्या कॅरोलाइन फर्नेस जेन. वडील शेक्सपिअरचे नामांकित अभ्यासक, भाऊ बोर्निओपासून कॅरोलाइन बेटांपर्यंत हिंडणारा. तो जे आणी ते त्या शिकत. 1904 मध्ये सेंट लुईसला जे प्रचंड प्रदर्शन भरलं तिथे फिलिपिन्समधून, अमेरिकेच्या मूळ वस्त्यांमधून आणखी कुठून कुठून माणसं आणून ‘मांडून’ ठेवली होती. प्रकार लाजिरवाणा होता. जेनबाई तिथे दोरा घेऊन गेल्या आणि त्या माणसांसमोर विद्यार्थिनी म्हणून बसल्या. त्यांचं ‘स्ट्रिंग फिगर्स’ हे पुस्तक 1906 मध्ये आलं. बाई 1909 मध्ये, पस्तिशी ओलांडते न ओलांडते तोच वारल्या. त्या पुस्तकातली रेखाचित्रं हा नमुना आहे: खेळणाऱ्याला स्वतःचे हात जसे दिसतात तसेच ते काढलेले. समोरून पाहणाऱ्याचे नव्हेत. या साध्या गोष्टीचं मोल ज्यानं उलट्या चित्रावरून विणकाम शिकायचा प्रयत्न केला आहे त्याला कळेल. आमच्या चित्रकारानंही तोच नियम पाळला आहे.

आपल्याकडची नोंद घ्यायची तर जेम्स हॉर्नेल यांची. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे ते संचालक होते, नौकांच्या आणि होड्यांच्या अभ्यासासाठी ते ओळखले जातात. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरताना त्यांनी दोऱ्याचे खेळही वेचले आणि गुजरात-काठेवाडातल्या आकृत्यांवरचा त्यांचा लेख 1932 मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलनं छापला. होड्यांच्या माणसाला दोऱ्याचं वेड असावं यात नवल नाही. दोरखंडाशिवाय होडी म्हणजे पाण्यावरचं लाकूड.

या सगळ्या संग्रहांतून एक गोष्ट दिसते, आणि मला ती आकृत्यांपेक्षाही आवडते. आकृती तीच, पण ज्याच्या त्याच्या डोळ्यांत वेगळी. मरी बेटावर एक अगदी छोटी आकृती करतात. दोरा दोन्ही अंगठे-करंगळ्यांवर घ्या. उजव्या तर्जनीनं डाव्या तळव्यावरचा पदर उचला आणि तर्जनी गोल फिरवून त्याला दोन-तीन पीळ द्या. मग डाव्या तर्जनीनं, उजव्या तर्जनीच्या वेढ्यातून जाऊन, उजव्या तळव्यावरचा पदर उचला. उजवा अंगठा आणि उजवी करंगळी सोडा आणि हात ताणा. उजवीकडे एक दांडा, डावीकडे तीन टोकं. बेटावरच्या कोळ्यांना तो मासे मारायचा भाला दिसला. कॅनडातल्या थॉम्प्सन नदीकाठच्या लोकांनी तीच आकृती केली, त्यांना तो उभारलेला तंबू वाटला. मी ती नाशिकच्या एका शिबिरात केली तेव्हा पहिल्या रांगेतून एकमुखानं उत्तर आलं, “त्रिशूळ!” बरोबर कोण?

काही आकृत्या हलतात. मरी बेटावरचीच एक आहे: दोऱ्याची दोन वेटोळी दोन बाजूंनी सरकत येतात, मध्ये भिडतात, झटापट होते आणि एक गडी दुसऱ्याचं मुंडकं घेऊन घरी परत जातो. शत्रूचं शिर आणण्याची रीत असलेल्या समाजाचा हा करमणुकीचा कार्यक्रम. कोण जिंकणार हे करणाऱ्यालाही आधी कळत नाही, म्हणून पोरं तो पुन्हा पुन्हा करायला लावत. उत्तरेत इग्लूलिकच्या एस्किमोंत शरद ऋतूत सूर्य खाली खाली जाऊ लागला की दोऱ्याचे खेळ खेळत, सूर्य जाळ्यात अडकावा म्हणून. आणि काही एस्किमोंत मुलग्यांना मात्र हा खेळ वर्ज्य. मोठेपणी हार्पूनच्या दोरीत बोटं अडकतील ही भीती. खेळ म्हणजे नुसता खेळ, असं म्हणायची सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या नावाहो लोकांत तो हिवाळ्यातच खेळायचा, जाळं विणणारे कोळी जमिनीत झोपलेले असतात तेव्हा. कारण विद्या मुळात कोळ्यांची.

पॅसिफिकमधलं नाऊरू हे बेट फक्त 21 चौरस किलोमीटरचं, पण तिथल्या आकृत्या इतक्या गुंतागुंतीच्या की त्यांच्यापुढे आपली पहिली मांड म्हणजे बाराखडी. तिथे या खेळाच्या चढाओढी लागत. ऑनर मॉड या बाईंनी, ज्यांनी आपलं आयुष्य पॅसिफिक बेटांवरचे दोरे उलगडण्यात घालवलं, नाऊरूच्या आकृत्यांवर एक सबंध पुस्तक लिहिलं. त्यातल्या दोनच मी या पुस्तकात घेतल्या आहेत. तिसरी मला अजून येत नाही. जपानात या खेळाला ‘आयातोरी’ म्हणतात, आणि आपल्या घराघरांतल्या मुलांना तो न शिकता माहीत आहे: ‘डोरेमॉन’मधला नोबिता, ज्याला अभ्यास येत नाही, खेळ येत नाहीत, झोप तेवढी उत्तम येते, तो आयातोरीत मात्र पटाईत. ज्यांनी हे पात्र रचलं त्यांना दोऱ्याच्या खेळाडूंची जात नेमकी ठाऊक असणार.

सर्वांत जुना लिखित पुरावा मात्र खेळातून आलेला नाही, दवाखान्यातून आलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास हेराक्लास नावाचा एक ग्रीक वैद्य होऊन गेला. मोडलेली हाडं बसवायला आणि जायबंदी अवयव बांधायला कोणकोणत्या गाठी नि वेढे वापरावेत, हे त्यानं लिहून ठेवलं. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियनचा वैद्य ओरिबेसियस यानं ते आपल्या संग्रहात घेतलं, म्हणून टिकलं. त्यातला एक वेढा मोडलेल्या जबड्यासाठी आहे. मधल्या चौकोनात हनुवटी बसते. विसाव्या शतकात कुणीतरी तो कृतीप्रमाणे करून पाहिला तर ती चक्क बोटांवरची आकृती निघाली, ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी जिला ढगाआड गेलेला सूर्य म्हणतात तीच. जबडा बांधायला निरगाठ नको होती, कारण घाव भरल्यावर पट्टी काढायची होती.

इथे गणिताचा एक शब्द सांगून टाकतो, फार नाही. गणितज्ञ ज्याला गाठ म्हणतात तिची टोकं जोडलेली असतात, म्हणजे आपल्या दोऱ्यासारखीच. असा बंद दोरा न कापता, कितीही गुंतवला तरी, त्याची मुळातली जात बदलत नाही. आपण सुरुवात साध्या फेऱ्यानं केली असेल तर बोटांवर आयफेल मनोरा उभा राहिला तरी तो आतून साधा फेराच असतो. म्हणजे तुम्ही या पुस्तकातलं काहीही करताना कितीही चुकलात तरी दोऱ्यात निरगाठ पडूच शकत नाही. ती दिसते, असते फक्त गुंता. तेव्हा मुलांच्या हातातून दोरा ओढून घेऊन “हे बघ, गाठ करून ठेवलीस” म्हणणाऱ्या मोठ्यांना गणिताचा आधार नाही. माझ्या लहानपणी वर्गात असाच एक दोरा जप्त झाला होता. तो मला परत मिळाला नाही, आणि चाळीस वर्षांनी हे पुस्तक लिहिण्यामागे तो राग अजिबात नाही असं मी म्हणणार नाही.

पुस्तकाचा दुसरा भाग बोटांवरून उतरून इतरत्र हिंडतो. त्यातली भिंगरी सर्वांना ठाऊक आहे: मोठं बटण किंवा ठोकून सपाट केलेलं बाटलीचं झाकण, दोन भोकं, त्यातून दोरा, आणि दोन्ही हातांनी ताण-सैल, ताण-सैल. आवाज गुंगवणारा. पीळ चढतो, पीळ उतरतो, आणि उतरताना तो पुढचा पीळ चढवतो. सोडवणूक हीच इथे शक्ती. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळण्यावरून कागदाची एक चकती बनवली आणि 2017 मध्ये ती जाहीर केली. ती मिनिटाला सव्वा लाख फेरे घेते, वीज लागत नाही, किंमत तेव्हा वीस सेंट. रक्ताची बारीक नळी तिच्यावर चिकटवली की दीड-दोन मिनिटांत रक्तद्रव वेगळा होतो. जिथे विजेचे खांब पोचलेले नाहीत तिथल्या मलेरियाच्या तपासणीसाठी हे केलेलं. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवत होते. या चकतीची बातमी वाचून त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना फार आश्चर्य वाटलं नसणार.

भोवरा आणि त्याची जाळी यावर एक छोटं प्रकरण आहे. त्यावर मी इथे काही लिहीत नाही, कारण भोवरा लिहून कळत नाही.

गोफावर मात्र लिहिलंच पाहिजे. गोव्यात शिगम्याला, आणि आपल्याकडेही अनेक ठिकाणी, वर एका जागी बांधलेल्या रंगीत दोऱ्यांची टोकं हातात घेऊन नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून जात फिरतात. गाणं पुढे जातं तसा वर गोफ विणला जातो, वेणीसारखा, पीळदार. ‘गोफ विणणं’ हा वाक्प्रचार सगळ्यांना येतो, पण नाच पाहिलेल्यालाच त्याचा दुसरा अर्धा भाग माहीत असतो: गोफ उलगडावा लागतो. तीच माणसं, तीच पावलं, उलट दिशेनं. पाय चुकला तर विणताना कदाचित कुणाला दिसणार नाही. उलगडताना चूक वर लटकत राहते, अख्ख्या गावाला दिसते. विणण्यापेक्षा उलगडताना नाचणाऱ्यांचे चेहरे जास्त गंभीर असतात, हे मी काणकोणकडच्या एका मांडावर (गावच्या नाचाच्या जागी) पाहिलं आहे. दोऱ्याची आकृती बोटं करतात, गोफाची आकृती माणसं. फरक तेवढाच.

आणि दोरीचा मल्लखांब. पेशवाईच्या शेवटी, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं हे सर्वश्रुत आहे. पुरलेल्या लाकडाच्या खांबाबरोबर टांगत्या वेतावरही कसरती होत. लांब, लवचीक, बरा वेत मिळेनासा झाला तशी त्याची जागा सुती दोरीनं घेतली. आज मुली प्रामुख्यानं या दोरीवर उतरतात. दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून वर चढायचं, आणि मग मांडी, पोटरी, कंबर, काख, मान यांच्याभोवती ती अशी गुंडाळायची की दोन्ही हात सोडून हवेत पद्मासन घालता यावं. नियम असा की गाठ मारायची नाही. सगळा भार नुसत्या वेढ्यांवर आणि घर्षणावर. आसन पूर्ण झालं की मुलगी एक पाय सोडते आणि दोरी सुळकन सरळ. तोच आपला उंदीर, बोटांऐवजी सगळ्या अंगानं केलेला. दादरच्या शिवाजी पार्कवर उदय देशपांडे यांनी कित्येक पिढ्यांना ही विद्या दिली (2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली). त्यांच्या शिष्यांत दृष्टिहीन मुलीही आहेत. दोरीच्या बाबतीत डोळे ही चैन आहे. या पुस्तकातला कोणताही खेळ पंधरा-वीस वेळा केल्यावर दिवा घालवून करून पाहा, हात जास्त बरोबर चालतील.

जादूगारांच्या दोरीसाठी एक प्रकरण आहे: कापून पुन्हा अखंड झालेली दोरी, दोन दोऱ्यांतून न तुटता बाहेर येणारे तीन मणी. हे दोन्ही प्रकार इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉट यांनी 1584 मध्येच छापून उघडे केले होते. चेटकिणी म्हणून बायकांना मारू नका, हातचलाखी कशी असते ते बघा, हे सांगण्यासाठी त्यांनी ते पुस्तक लिहिलं होतं. चारशेहून जास्त वर्षं झाली गुपित फुटून, आणि तरी दोन्ही जादू अजून चालतात. त्यामुळे मी त्या इथे पुन्हा फोडताना मला अपराधी वाटलं नाही.

आता त्या एका दोरीबद्दल, जिच्याबद्दल मला सगळे आधी विचारतात. मोकळ्या मैदानात जादूगार दोरी हवेत फेकतो, ती ताठ उभी राहते, एक पोरगा तिच्यावर चढून अदृश्य होतो. भारतातली सर्वांत प्रसिद्ध जादू. या स्वरूपात ती जगभर पसरली ती 8 ऑगस्ट 1890 च्या ‘शिकागो ट्रिब्यून’मधून. दोन अमेरिकन तरुण हिंदुस्थानात ती पाहतात, एक चित्र काढतो, दुसरा फोटो घेतो. चित्रात दोरी आणि पोरगा, फोटोत नुसता जमिनीवर बसलेला जादूगार. म्हणजे सामूहिक संमोहन! चार महिन्यांनी पत्रानं कबूल केलं की बातमी बनावट होती, आणि त्या दोघांतल्या एका तरुणाचं नाव एस. एलमोर ठेवण्यातच थट्टा होती: ‘सेल मोअर’, अंक जास्त खपवा. लिहिणारे जॉन विल्की पुढे अमेरिकेच्या ‘सीक्रेट सर्व्हिस’चे प्रमुख झाले, हे वेगळंच. कबुली कुणी वाचली नाही, बातमी सगळ्यांनी वाचली. लंडनच्या मॅजिक सर्कलनं 1934 मध्ये ही जादू उघड्यावर करून दाखवणाऱ्याला पाचशे गिनी देऊ केल्या. त्या कुणाला द्याव्या लागल्या नाहीत.

कल्पना मात्र जुनी, आणि आपलीही. इब्न बतूतानं चौदाव्या शतकात चीनमध्ये असाच काहीसा प्रकार पाहिल्याचं लिहिलं आहे. त्याच्या कितीतरी आधी शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात दाखला देतात तो ढाल-तलवार घेऊन सुतावरून आकाशात चढणाऱ्या मायावी पुरुषाचा. चढताना दिसतो तो वेगळा, आणि खरा मायावी जमिनीवर उभा तो वेगळा. आचार्यांना जादू सांगायचीच नव्हती, दाखला श्रोत्यांच्या ओळखीचा हवा म्हणून त्यांनी तो घेतला. मराठीत आपण हेच काम तीन शब्दांत करतो: सुतावरून स्वर्ग गाठणं. विल्कीनं नेमकं तेच केलं. या पुस्तकातली ही एकच दोरी आहे जी कुणी कधी फेकली नाही, आणि हीच एक गाठ आहे जी कितीही ओढली तरी सुटत नाही. तिच्यासाठी मी दोन पानं ठेवली आहेत. त्यात कृती नाही.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. खलाशांच्या गाठी नाहीत, गिर्यारोहकांच्या नाहीत. त्या धरून ठेवण्यासाठी असतात, जिवाशी गाठ असते, आणि त्यांची चांगली पुस्तकं निराळी आहेत. रस्सीखेच नाही. डोंबाऱ्याची दोरी नाही: ती ज्या लेकराच्या पायाखाली असते त्याचा तो खेळ नसतो.

आणि एक आकृती नाही, जी मला घालायची होती. काही वर्षांपूर्वी भर पावसात आमची एसटी घाटात दरड पडल्यानं तीन तास उभी होती. शेजारच्या बाकावर एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आजीबरोबर. सगळ्यांचे फोन बंद पडत आलेले. मी खिशातून दोरा काढला आणि तिला त्रिशूळ करून दाखवला, मग उंदीर, मग माझी हुकमी चार खिडक्यांची चौकट. तिनं ते सगळं शांतपणे पाहून घेतलं, जशी घरातली मोठी मुलगी पाहुण्यांच्या मुलाचे उद्योग पाहते. मग म्हणाली, “काका, द्या जरा.”

तिनं दोरा मनगटांभोवती घेतला. आजवर मी पाहिलेल्या कोणत्याच पुस्तकात सुरुवात मनगटापासून नव्हती. दोन वेळा दात लावले, एकदा आजीचं बोट मागून घेतलं आणि हात ताणले तेव्हा मध्ये काहीतरी उभं राहिलं, आठ पायांचं, आणि ती बोटं हलवेल तसं चालणारं. “खेकडा,” आजी म्हणाली, “आमच्याकडं समद्या पोरींना येतो.” मी म्हटलं, पुन्हा करून दाखव, सावकाश. तिनं पुन्हा केला, पण सावकाश तिला जमेना. सावकाश केला की खेकडा मोडे. तिसऱ्यांदा आजीचं बोट मागितलं तोवर पुढच्या गाड्या हलल्या, कंडक्टरनं घंटी मारली आणि सगळे आपापल्या जागी बसले.

तिनं एक करंगळी सोडली, दोरा सुटला, आणि तो गुंडाळून तिनं माझ्या हातात ठेवला.